दोन माणसांची गाडी

"काका, हॉर्न चालतो. तिसऱ्यांदा वाजवताय तुम्ही," गाड्या भाड्यानं देणाऱ्या ऑफिसातली बाई म्हणाली.

"चालतो हे कळलं. कितपत चालतो ते बघतोय," कासवराव म्हणाले आणि त्यांनी चौथ्यांदा वाजवला.

बाईच्या हातात एक कागद होता. त्यावर गाडीचं चित्र छापलेलं होतं आणि गाडी बाहेर पाठवण्याआधी तिच्या अंगावरचा प्रत्येक ओरखडा त्या चित्रावर फुलीनं दाखवायचा, अशी तिथली पद्धत होती. बाईला दोन ओरखडे सापडले होते. कासवरावांनी आणखी तीन दाखवून दिले, त्यातला एक तर दाराच्या आतल्या बाजूला होता. मग त्यांनी चारही टायरना बुटानं एकेक लाथ घातली आणि खालून तेल गळतंय का ते बघायला जमिनीवर आडवे झाले. उठायला मात्र बाईचा हात लागला.

"याआधी स्पोर्ट्स कार चालवलीय का कधी?" बाईनं जरा काळजीनंच विचारलं.

"बस चालवलीय. सात नंबर. चौतीस वर्षं."

"अहो, बस वेगळी आणि ही वेगळी."

"वेगळी म्हणजे काय, हिला चारच चाकं. बसला सहा होती. दोन कमीच सांभाळायची."

कासवराव हे त्यांचं नाव नव्हे, हे सांगायला नको. ते डेपोनं दिलेलं. चौतीस वर्षांत त्यांच्या बसचा काटा चाळीसच्या वर गेला नाही आणि चौतीस वर्षांत त्यांच्या बसखाली कोंबडीसुद्धा आली नाही. डेपोतल्या लोकांना पहिली गोष्ट तेवढी लक्षात राहिली. "कासव सुटलं का रे?" असं गेटवरून ओरडून विचारायचे, आणि हे शांतपणे हात हलवून निघायचे. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनीही भाषणात तेच नाव घेतलं, मग ते कायमचंच चिकटलं.

बाईनं सहीसाठी कागद पुढे केला. "कुठवर नेणार?"

"वाळवंटातून. त्या कड्यापर्यंत."

"सगळे तिथंच नेतात. सोबत कोण?"

"बायको."

"अरे वा! लग्नाचा वाढदिवस वाटतं!"

"नाही," कासवराव म्हणाले. सही करता करता त्यांचा हात थांबला. "सोमवारी लेक येणार आहे तिला न्यायला. विसरणाऱ्या माणसांना सांभाळतात ना, तिथं ठेवणार आहेत. आज शनिवार. म्हटलं, त्याआधी एकदा."

बाईनं दुसऱ्या बाजूला जाऊन शेजारची सीट मागे सरकवली, टेकायची पाठ सरळ केली आणि हातानं उगाचच झटकली.

लग्न झालं तेव्हा कासवराव सव्वीस वर्षांचे होते आणि बायको वीसची. सात नंबरच्या वाटेवर एक सिग्नल लागायचा, आणि सिग्नलपाशी काचेच्या दुकानात बिनछपराची लाल गाडी उभी असायची. दोन माणसांची. नवी नवरी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून नवऱ्याची एक फेरी पुरी व्हायची वाट बघत असायची. सिग्नल लाल झाला की दोघं ती गाडी बघायचे. असंच एकदा कासवराव आरशातून तिच्याकडे बघत म्हणाले होते, "एक दिवस असल्या गाडीतून तुला वाळवंट दाखवतो. कड्यावरून दिसतं म्हणे, थेट आभाळापर्यंत." सिग्नल हिरवा झाला आणि मागच्या गाड्यांनी हॉर्नचा कहर केला तरी बस हलली नव्हती, इतकी ती हसली होती.

पुढे काय झालं? काही झालं नाही, तेच तर झालं. आधी ऐपत नव्हती. मग लेक झाली, तिचं शिक्षण झालं, लग्न झालं. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. मग कासवरावांचे गुडघे. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणता म्हणता शेहेचाळीस वर्षं गेली, आणि बायकोनं एका शब्दानं कधी आठवण करून दिली नाही. ती घरी बसून शाळेचे गणवेश शिवत राहिली. आख्ख्या वस्तीतली पोरं तिनं बसवलेल्या कॉलरी घालून शिकली.

तीन वर्षांपूर्वी ती एका शर्टाला तीन बाह्या लावून बसली. आधी दोघंही हसले. नंतर हसण्यासारखं काही राहिलं नाही. मागच्या थंडीपासून कासवरावांना ती ओळखेनाशी झाली. भांडायची नाही, रडायची नाही, फक्त परक्या घरी आल्यासारखी अदबीनं वागायची. चहा दिला की "कशाला त्रास घेतलात" म्हणायची. त्यापेक्षा तिनं कप फेकून मारला असता तरी चाललं असतं. दोनदा ती घराबाहेर पडून हरवली. दुसऱ्यांदा पोलिसांनी आणून सोडली तेव्हा लेक फोनवर म्हणाली, "बाबा, आता तुमच्यानं होणार नाही." ते खरंच होतं, म्हणून जास्त लागलं.

डॉक्टर म्हणाले होते, कधीमधी एखाद्या जुन्या गोष्टीनं ओळख पटते, क्षणभर का होईना. ज्या रूपात त्यांनी तुम्हाला सर्वांत जास्त पाहिलं असेल, त्या रूपात समोर जा. कासवरावांनी दोन रात्री विचार केला. मग ट्रंक उघडून डेपोचा खाकी शर्ट काढला, स्वतःच धुतला, स्वतःच इस्त्री केली. सोमवारनंतर तिनं त्यांना ओळखलं नसतं तरी त्यांची तक्रार नव्हती. पण मी तुला आणलं, उशिरा का होईना आणलं, हे तिला एकदा कळायला हवं होतं. एवढं एक हवं होतं.

गाडी दारात उभी राहिली तेव्हा शेजारीणबाईंनी तिला तयार करून पायरीवर बसवलं होतं. डोक्याला रुमाल, अंगावर निळी शाल. शेजारीणबाई गाडी बघून "अगं बाई!" म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून आत गेल्या.

कासवराव गाडीतून बाहेर आले. म्हणजे आधी एक पाय, मग दाराला धरून दुसरा, मग कसेबसे सगळे. शर्ट खाली ओढून ते तिच्यासमोर उभे राहिले. तिनं वर पाहिलं. शर्टाकडे पाहिलं, खिशावरच्या बिल्ल्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा खरोखरच उजळला.

"अय्या, तुम्ही ह्यांच्याच डेपोतले का?" ती म्हणाली. "ह्यांनी पाठवलं वाटतं मला घ्यायला?"

तेव्हा त्यांना आपली चूक कळली. तिच्या मनातला खाकी शर्ट सव्वीस वर्षांच्या माणसाच्या अंगावर होता. समोर हा पांढऱ्या मिशांचा म्हातारा उभा. तो तिचा नवरा कसा असेल? डेपोतला कुणीतरी जुना ड्रायव्हर असेल, दुसरं काय! साधा सदरा घातला असता तर निदान कुणीच नसते; आता मात्र ते पक्के दुसरे कुणी झाले होते.

"हो," ते म्हणाले. "त्यांनीच पाठवलं."

"बरं झालं बाई. चला काका."

चार वर्षांच्या पोरापासून सगळ्यांच्या तोंडून काका ऐकायची त्यांना सवय होती. बायकोच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

गाव संपेपर्यंत कासवराव रस्त्याशी आणि गाडीशी झगडत होते. आयुष्यभर उंचावर बसून रस्ता बघितलेला माणूस. इथं शेजारून ट्रक गेला की त्याची चाकं कानाच्या उंचीला. स्टिअरिंग जेवणाच्या ताटाएवढं. पाय जरा टेकवला की गाडी गुरगुरून पुढे धावायची, की हे पाय काढून घ्यायचे. गावाबाहेरच्या शेवटच्या बसथांब्याशी तर कमालच झाली. हातांनी न विचारता गाडी डावीकडे घेतली, थांब्याला लावली, आणि कासवराव आरशात चढणारे उतारू शोधू लागले. थांब्यावर उभे असलेले दोघं जण लाल गाडीकडे आ वासून बघत राहिले.

"भरलीय हो," ती त्यांना म्हणाली. "मागून दुसरी येतेय."

कासवराव हसले. कितीतरी दिवसांनी मोकळे हसले. गाडी पुन्हा रस्त्याला लागली. घरं विरळ झाली, मग विजेचे खांबच तेवढे सोबतीला राहिले, मग तेही एका बाजूला वळून निघून गेले. काटेरी झुडपं, पिवळट माती, आणि डांबरावरून वाऱ्यानं सरपटत जाणारी वाळूची पातळ रेघ. काटा पस्तिसावर होता. तिच्या रुमालाची टोकं मागे फडफडत होती.

"ओळखत असाल ना ह्यांना?" तिनं विचारलं.

"कुणाला?"

"आमच्या ह्यांना. सात नंबरवर असतात."

"ओळखतो की."

"कसे आहेत हो कामाला?"

कासवरावांनी घसा खाकरला. "माणूस बरा आहे. पण फार हळू चालवतो."

"हळू नाही, जपून," ती फणकाऱ्यानं म्हणाली. "पन्नास माणसं बसलेली असतात मागे. हळू म्हणे!"

"तसं नाही हो, डेपोतले म्हणतात आपले."

"म्हणू देत. तुम्ही पण त्यांच्यातलेच वाटतं? तुम्ही तरी कुठे पळवताय मोठी?"

कासवरावांनी गुपचूप काट्याकडे पाहिलं. मग तिला वाटलं असावं, वडीलधाऱ्या माणसाला आपण जरा जास्तच बोललो. ती मवाळ झाली. "आणि मला अहोजाहो नका करू, काका. मी तुमच्या मुलीसारखी. अगंतुगं म्हणा."

"बरं," कासवराव म्हणाले. शेहेचाळीस वर्षं तिला अगंतुगं म्हटलं होतं. आता तिच्या परवानगीनं म्हणायचं होतं. "बरं गं."

ती त्यांच्या शर्टाकडे बघत होती. मग हात पुढे करून तिनं कॉलरचं टोक चिमटीत धरलं, उलटून आतली शिवण पाहिली. "ही कुणी बसवली?"

"माझ्या बायकोनं."

"हात आहे हो त्यांना! कॉलर झिजल्यावर उलटवून लावलीय, कळतसुद्धा नाही. असं काम आजकाल कुणी करत नाही." तिनं टोक नीट खाली बसवलं आणि वर थोपटलं. "नशीबवान आहात."

"आहे खरा," कासवराव म्हणाले. पुढचा रस्ता त्यांना काही वेळ धड दिसला नाही. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं करून त्यांनी बाहीनं तोंड पुसलं.

"सोमवारी ह्यांची सुट्टी असते," ती आपल्या नादात सांगत होती. "एखाद्या सोमवारी मला वाळवंट दाखवायला नेणार आहेत. अशाच गाडीतून, बरं का. मागच्या रविवारी आमच्या आळीतल्या सगळ्या जणी बस करून गेल्या होत्या. माझ्यामागे लागल्या, चल म्हणून. मी नाही गेले. डोकं दुखतंय म्हटलं."

तो रविवार कासवरावांना आठवला. लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. ते कामावरून आले तेव्हा सगळी आळी रिकामी आणि ही एकटी दाराशी मशीन चालवत बसलेली. का गेली नाहीस, विचारलं तर म्हणाली, डोकं दुखत होतं. त्यांनी चहा करून दिला होता आणि तो विषय तिथंच संपला होता. त्यानंतर आळीच्या सहली निघाल्या, लेकीच्या शाळेची सहल निघाली आणि आयांनाही बोलावलं, जावई आला तेव्हा सगळे मिळून गेले. दर वेळी हिचं काहीतरी निघायचं. कधी गणवेशांची घाई, कधी पाठ. तिला फिरायची हौसच नाही, असं कासवराव चारचौघांत सांगायचे.

"डोकं दुखत नव्हतं?" त्यांनी विचारलं.

"छे! पण ह्यांना काय वाटलं असतं? त्यांनी नेणार म्हणून सांगितलंय."

कासवरावांनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. वारा होता तरी एकदम फार शांत वाटलं. इतकी वर्षं ती त्यांची वाट बघत होती, आणि त्यांना वाटत होतं ती विसरली. त्यांना राहवेना. ते तिच्याकडे वळले.

"अगं, बघ माझ्याकडे. मीच आहे गं तो. मीच सात नंबरवाला. आणलंय मी तुला."

तिचं हसू गेलं. ती त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत राहिली आणि ते सापडेना तशी भेदरली. एक हात छातीशी शाल आवळून, दुसरा दाराच्या मुठीकडे. "काका, असं काय बोलताय? मला घरी जायचंय. हे घरी येतील आता."

तिची बोटं मूठ चाचपडत होती. ती बोटं कासवरावांनी आयुष्यभर सुईत दोरा ओवताना पाहिली होती, कधी चाचपडली नव्हती.

"थट्टा केली गं," ते घाईनं म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाची थट्टा. चुकलंच माझं. कान धरतो." आणि त्यांनी खरंच दोन्ही हातांनी कान धरले.

तिनं थोडा वेळ पारखून पाहिलं. मग मूठ सोडली. "अशी थट्टा करू नये हो. घाबरले ना मी."

"नाही करणार पुन्हा."

त्यांनी गाडी सुरू केली. त्यानंतर ते डेपोतले ड्रायव्हरकाकाच राहिले. हट्ट सोडायला माणसाला फार वेळ लागत नाही, समोरचं माणूस घाबरलेलं दिसलं की पुरे.

झुडपं संपली. माती संपून नुसती वाळू सुरू झाली, आधी पिवळी, मग तांबूस. रस्ता चढू लागला. डाव्या हाताला पाटी दिसली, कडा एक किलोमीटर. पुढे दोन वळणं, आणि त्यानंतर रस्त्याला फक्त आभाळ होतं.

"पोचतोय का आपण?" तिनं विचारलं.

"हे वळण झालं की आलाच कडा."

"कडा?" ती दचकली. "वाळवंटाचा? तुम्ही मला तिथं नेताय?"

"मग! त्यासाठीच तर..."

"नको, नको हो काका!" आणि तिनं दोन्ही हातांनी डोळे गच्च झाकून घेतले.

गाडी कड्यावर येऊन थांबली. समोर लोखंडी कठडा होता आणि कठड्यापलीकडे शेहेचाळीस वर्षं राहून गेलेलं सगळं होतं. कासवरावांनी तिकडे पाहिलं नाही. ते तिच्याकडे बघत होते.

"आलोच आहोत तर बघ एकदा," ते म्हणाले. "मी कुणाला सांगणार नाही."

"तुम्ही नाही सांगणार, पण ह्यांना कळेल. माझ्या तोंडावर लगेच दिसतं सगळं." हातांआडून तिचा आवाज येत होता, लहान मुलीसारखा, पण ठाम. "ते मला इथं आणतील ना, तेव्हा मला खरोखरचं पहिल्यांदा बघायचंय. त्यांना एवढी हौस आहे. दुसऱ्या कुणाबरोबर मी आधीच बघून आले असं कळलं, तर काही बोलायचे नाहीत ते. पण मनाला लावून घेतील. तुम्हाला नाही माहीत त्यांचा स्वभाव."

तिचे हात किती हलके होते ते कासवरावांना माहीत होतं. रोज सकाळी ते हात कासवरावच धुऊन द्यायचे. मनगटाला धरून बाजूला करायला काहीच लागलं नसतं. सोमवार दोन दिवसांवर होता, आणि ती पुन्हा इथं येणार नव्हती, कुणाहीबरोबर. त्यांनी हात उचललासुद्धा. मग तो परत आपल्या गुडघ्यावर ठेवला.

"बरं," ते म्हणाले. "नको बघू. त्यांच्याबरोबरच बघ."

"जरा थांबून मग फिरवा गाडी. मला गरगरतंय."

"सावकाश. घाई नाही."

ऊन तिच्या कपाळावर आणि बोटांवर पडलं होतं. कासवराव दार धरून बाहेर आले, गाडीला वळसा घालून तिच्या बाजूला गेले आणि तिच्यावर सावली पडेल असे, कठड्याकडे पाठ करून उभे राहिले. वारा त्यांच्या पाठीवर वाळू आपटत होता.

"तुम्ही बघताय का, काका?" तिनं डोळ्यांवरचे हात न काढता विचारलं.

"बघतोय."

"छान दिसतंय का?" आणि लगेच, "नको, नको. सांगू नका."

सूर्य थोडा सरकला होता, तिच्या एका कानावर ऊन आलं होतं. ते पाऊलभर डावीकडे सरकले.